बहिष्कार : जुन्या वृत्तपत्रांतील एका शब्दाचा अभ्यास



परमपूज्य बाबासाहेबांनी चालविलेल्या जुन्या पत्रांचे वाचन काही विहारांतून आणि घरांतून होत असते, ही आनंदाची गोष्ट आहे. महाराष्ट्र शासनाने १९९० साली वसंत मून यांच्या संपादनाखाली 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' या पत्रांचे अंक ग्रंथरूपाने छापले. त्यामुळे पूर्वी जे अंक मोठ्या ग्रंथालयांखेरीज कोठे पाहावयास मिळत नसत, ते आता सामान्य वाचकाच्या हाती येऊ शकतात.

असे वाचन चालू असता एक प्रश्न बहुधा निघतोच. शाळेत जाणारे एखादे मूल विचारते, "आपण तर बौद्ध आहोत. मग बाबासाहेबांनी आपल्या पत्राला 'बहिष्कृत' हे नाव का दिले? हे नाव मोठ्याने वाचावयास बरे वाटत नाही." नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरातील मोठी माणसे अशा वेळी गप्प बसतात. बौद्ध झालो म्हणजे हे जुने शब्द विसरावयाचे, अशी त्यांची समजूत असते. एखादी आजी मात्र म्हणते, "आमच्या गावी त्याला वाळीत टाकणे म्हणत."

मुलाचा प्रश्न योग्य आहे आणि आजीचे बोलणेही खरे आहे. म्हणून आजच्या पाठासाठी हा एकच शब्द घेतला आहे. जुन्या मराठी पत्रांतून तो कोठे, कोणाविषयी आणि कोणत्या अर्थाने आला, आणि धम्माच्या दृष्टीने त्याचा विचार कसा करावयाचा, हे आपण क्रमाने पाहू.

शब्दाचा अर्थ

'बहिस्' म्हणजे बाहेर आणि 'कृ' म्हणजे करणे. बहिष्कार म्हणजे बाहेर करणे, आणि बहिष्कृत म्हणजे बाहेर केलेला. या शब्दाच्या पोटात तीन गोष्टी आहेत. बाहेर करणारा कोणीतरी आहे. बाहेर केला गेलेला कोणीतरी आहे. आणि दोघांच्या मध्ये एक रेघ आहे, जिच्या आत एक आणि बाहेर दुसरा.

म्हणून जुन्या पत्रात हा शब्द दिसला की वाचकाने चार प्रश्न विचारावेत. बहिष्कार कोणी घातला? कोणावर घातला? कशासाठी घातला? आणि चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : बाहेर गेलेल्याला पुन्हा आत येण्याची वाट ठेवली होती काय? हे चार प्रश्न ध्यानात ठेवून आता पुढील उदाहरणे पाहा.

पुण्यातील चहा

पहिले उदाहरण १८९० सालचे आहे. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींना चहा आणि बिस्किटे देण्यात आली. या मंडळींत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखे पुढारी होते. पुढे चहास हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' या पत्रात छापली गेली आणि शहरात मोठी खळबळ उडाली. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून या ब्राह्मण मंडळींवर जातीतून बहिष्कार घालावा, अशी मागणी सनातनी लोकांनी केली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अशा जातीय वादाला त्या काळी 'ग्रामण्य' असे म्हणत. त्या वेळच्या पत्रांतून या ग्रामण्याची चर्चा पुष्कळ दिवस चालली होती.

आपले चार प्रश्न येथे लावून पाहा. बहिष्कार घालणारे जातीतीलच लोक होते. ज्यांच्यावर घातला तेही त्याच जातीचे, शिकलेसवरलेले आणि मानाचे होते. कारण एक पेला चहा. परत येण्याची वाट होती काय? होती. तिचे नाव प्रायश्चित्त. टिळकांनी आणि रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले आणि त्यांच्यापुरता तो विषय मिटला.

त्रास झाला नाही असे नाही. घरातील लग्नकार्याला भटजी न मिळणे, नातेवाइकांनी पंक्तीला न बसणे, हे दुःख त्या कुटुंबांनाही भोगावे लागले. तथापि त्यांच्यासाठी दार कायमचे बंद नव्हते. याच काळात याच पुणे शहरात असे हजारो लोक राहत होते की ज्यांना कोणी प्रायश्चित्तही सांगत नव्हते. कारण त्यांच्या हातून काही घडले म्हणून ते बाहेर नव्हते. त्यांचा जन्मच रेघेबाहेर झाला असे मानले जात होते. ज्याला गुन्हाच सांगितलेला नाही, त्याने प्रायश्चित्त कशाचे घ्यावे?

परदेशी मालावरील बहिष्कार

दुसरे उदाहरण १९०५ सालचे आहे. त्या वर्षी इंग्रज सरकारने बंगालची फाळणी केली आणि तिच्या निषेधार्थ परदेशी माल न घेण्याची चळवळ सुरू झाली. 'केसरी'ने या चळवळीचा जोरदार पुरस्कार केला. १९०६ साली दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली कलकत्त्यास भरलेल्या काँग्रेसमध्ये स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चार गोष्टींचे ठराव झाले. मराठी पत्रांतून 'बहिष्कार' हा शब्द आता राष्ट्राचे शस्त्र म्हणून झळकू लागला.

इंग्रजीत या अर्थी जो 'बॉयकॉट' शब्द आहे, तो एका माणसाच्या नावावरून आलेला आहे. आयर्लंडमधील मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली तेथील कुळांनी त्याच्या शेतावर काम करण्याचे नाकारले आणि दुकानदारांनी त्याला माल देणे बंद केले. तेव्हापासून त्याचे नावच या कृतीला पडले. येथे दुबळी कुळे एका बाजूला होती आणि बलवान जमीनदार दुसऱ्या बाजूला. परदेशी कापडावरील बहिष्कारही असाच, पारतंत्र्यात असलेल्या लोकांनी राज्यकर्त्यांविरुद्ध उचललेला होता. त्यामुळे बहिष्कार हा शब्द दिसला की तो वाईटच, असे समजण्याचे कारण नाही. कोण कोणावर घालतो, हे पाहिले पाहिजे.

परंतु त्या चळवळीतही एक गोष्ट घडली. बंगालमध्ये काही ठिकाणी परदेशी माल विकणाऱ्या किंवा वापरणाऱ्या माणसाचा न्हावी, धोबी आणि पुरोहित बंद करण्यात आला. म्हणजे नव्या राजकीय बहिष्काराच्या मदतीला जुना जातीचा बहिष्कार धावून आला. शस्त्र नवे दिसत होते, पण त्याची मूठ जुनीच होती.

एका समाजाची निरनिराळी नावे

आता आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे येऊ. आपल्या पूर्वजांना त्या काळच्या लिखाणात निरनिराळी नावे आढळतात. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली, तिच्या नावातच विटाळ हा शब्द आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ च्या जुलै महिन्यात पुण्यास 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले, तेथे समाज स्वतःला वंशाच्या नावाने ओळखतो. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत जी संस्था स्थापन केली, तिचे मराठी नाव 'भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी' असे होते.

या शब्दांचा नीट विचार करा. 'अस्पृश्य' म्हणजे स्पर्श करू नये असा. हा शब्द ऐकला की असे वाटते, जणू तो दोष त्या माणसाच्या अंगातच आहे. शिवू नये असे कोणी ठरविले, हे त्या शब्दात सांगितलेले नाही. 'निराश्रित' म्हणजे आश्रय नसलेला. या शब्दात कळवळा आहे, पण हा माणूस निराश्रित कसा झाला, त्याचा आश्रय कोणी काढून घेतला, हे येथेही कळत नाही.

'बहिष्कृत' हा शब्द तसा नाही. तो उच्चारताच दुसरा प्रश्न आपोआप येतो : कोणी बाहेर केले? जो जन्मतःच तसा आहे त्याला बहिष्कृत म्हणत नाहीत. ज्याच्या बाबतीत कोणीतरी काहीतरी केले आहे, त्यालाच बहिष्कृत म्हणतात. हा शब्द दुःखाबरोबर ते दुःख देणाऱ्याकडेही बोट दाखवितो. या शब्दात दयेची याचना नाही, तक्रार आहे. बाबासाहेबांच्या चळवळीने आरंभी हा शब्द जवळ केला, त्याचे मर्म आम्हांस तरी यातच दिसते.

१९२० : मूकनायकाचे वर्ष

१९२० च्या ३१ जानेवारीस मुंबईत 'मूकनायक' हे पाक्षिक निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पांडुरंग नंदराम भटकर हे संपादक होते, पण पत्रामागील विचार आणि लेखणी बाबासाहेबांची होती. पहिल्याच अंकातील लेखात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला एका मनोऱ्याची उपमा दिली आहे. त्यात प्रत्येक जात म्हणजे एक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. आपला चौथा प्रश्न आठवा : परत आत येण्याची वाट आहे काय? मूकनायकाने पहिल्याच दिवशी सांगून टाकले की, या घरात जिना बांधलेलाच नाही.

या पत्राच्या जन्माबरोबर आणखी एक गोष्ट घडली. 'मूकनायक' निघत असल्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. ही हकीकत बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. ज्या पत्राने परक्या सरकारविरुद्ध बहिष्काराचे शस्त्र उचलले होते, त्याच पत्राच्या स्तंभांत बहिष्कृतांच्या पत्राच्या जाहिरातीला जागा मिळाली नाही. जुनी वृत्तपत्रे वाचताना छापलेला मजकूर तर वाचावाच, पण काय छापले गेले नाही इकडेही लक्ष द्यावे, हे यावरून शिकता येते.

त्याच वर्षी २१ व २२ मार्च रोजी कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे दक्षिण महाराष्ट्रातील बहिष्कृत वर्गाची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि शाहू महाराज तिला हजर राहिले. मे महिन्याच्या अखेरीस नागपूर येथे शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली. पुढे २० जुलै १९२४ रोजी मुंबईत 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन झाली, आणि १९२५ साली सभेने सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. म्हणजे हा शब्द परिषदेच्या मंडपावर, संस्थेच्या पाटीवर आणि वसतिगृहाच्या दारावर चढला. ज्यांना तो शब्द लाजेने ऐकावा लागत होता, त्यांनीच तो मान वर करून लिहिला.

'बहिष्कृत भारत' आणि गावोगावचे बहिष्कार

३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक निघाले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्चला झाला होता, म्हणजे त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी. हे पत्र १९२९ च्या नोव्हेंबरपर्यंत चालले. पैशाची सदैव टंचाई असे. बाबासाहेब विनावेतन संपादन करीत आणि कित्येकदा अंकाचे सर्व रकाने एकटे लिहून काढीत.

या नावातील दुसरा शब्दही पाहा. बहिष्कृत जात, बहिष्कृत वर्ग असे न म्हणता येथे बहिष्कृत 'भारत' म्हटले आहे. गावकुसाबाहेर आहे तोही भारतच आहे, एवढा मोठा अर्थ या दोन शब्दांत आहे.

त्या काळी खेड्यांतून बहिष्काराचे प्रकार सतत घडत. आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, मृतमांस खाणे सोडले, शिळेपाके मागण्यास नकार दिला, की गाव त्यांच्यावर उलटत असे. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यास स्टार्ट या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. बाबासाहेब या समितीचे सभासद होते. तिचा अहवाल १९३० साली आला. त्यात गावचा बहिष्कार कसा असतो, हे नमूद आहे. कसावयास दिलेली जमीन काढून घेतात. मजुरी बंद करतात. गावकामाचा मोबदला देत नाहीत. नेहमीची पायवाट अडवितात. गावचा वाणी मीठमिरचीदेखील विकत देत नाही. आणि हे सारे कशासाठी? कोणी चांगले कपडे किंवा दागिने घातले, कोणी जमीन विकत घेतली, कोणी नवरदेवाला घोड्यावर बसवून रस्त्याने मिरवणूक काढली, एवढ्यासाठी.

येथे आपले चार प्रश्न पुन्हा विचारा. बहिष्कार घालणारा कोण? ज्याच्या हाती जमीन, दुकान आणि विहीर आहे तो. कोणावर? ज्याच्या घरात दोन दिवसांचेही धान्य नाही त्याच्यावर. कशासाठी? माणसासारखे वागला म्हणून. परत येण्याची वाट? एकच होती : पुन्हा पूर्वीसारखे वाकावे. आयर्लंडची कुळे आणि हा गाव यांना एकच शब्द लावला जातो, पण दोन्ही गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत. तेथे उपाशी माणसाने धन्याचे काम सोडले, येथे धन्याने उपाशी माणसाचे मीठ बंद केले.

आजीच्या तोंडी जो 'वाळीत' शब्द आला, तो हाच. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूर येथे धम्मदीक्षा झाल्यावर ज्यांनी गावकीची हलकी कामे सोडली, त्यांपैकी अनेकांना हा बहिष्कार सोसावा लागला. आपल्या घरातील वडील माणसांना याविषयी अवश्य विचारा.

शब्द कायद्यात कसा आला

बाबासाहेबांनी या शब्दाविषयी लेख लिहिलेच, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. बहिष्कार हा गुन्हा ठरला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी जी संरक्षणाची योजना मांडली, तिच्यात सामाजिक बहिष्कार घालणे, त्यास चिथावणी देणे आणि त्याची धमकी देणे या गोष्टी शिक्षापात्र कराव्यात अशी मागणी होती. ब्रह्मदेशात १९२२ साली झालेल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार त्यांनी घेतला होता. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी तीच कलमे पुन्हा मांडली.

पुढे १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) अधिनियम झाला. १९७६ साली त्यात दुरुस्ती होऊन तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यात बहिष्कार कशाला म्हणावे हे सांगितले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे व तशी धमकी देणे हा गुन्हा ठरला. आणि महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा कोणत्याही जातीच्या पंचायतीला आणि कोणत्याही समाजाच्या गावकीला लागू आहे. तो आपल्यालाही लागू आहे, हे विसरू नये.

संघाचा नियम

आता धम्माकडे वळू. कोणी म्हणेल, भगवान बुद्धांच्या संघातही बाहेर काढण्याची शिक्षा होतीच. होय, होती. विनयपिटकात गैरवर्तन करणाऱ्या भिक्खूला आवासातून दूर करण्याचे, तसेच त्याच्याशी संघाचा व्यवहार थांबविण्याचे नियम आहेत. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्यांनाही आपले चार प्रश्न लावू.

चुल्लवग्गात वड्ढ नावाच्या एका लिच्छवी उपासकाची कथा आहे. काही भिक्खूंच्या सांगण्यावरून त्याने दब्ब मल्लपुत्त या भिक्खूवर खोटा आळ घेतला. आळ खोटा ठरल्यावर संघाने वड्ढाच्या बाबतीत 'पत्तनिक्कुज्जन' केले, म्हणजे भिक्षापात्र पालथे केले. त्याच्या घरची भिक्षा संघ घेणार नाही, असा त्याचा अर्थ. ही वार्ता आयुष्मान आनंदाकडून ऐकताच वड्ढ मूर्च्छित पडला. पुढे तो ओल्या वस्त्रांनी भगवंतांकडे आला आणि त्याने आपली चूक कबूल केली. तेव्हा त्याच्यासाठी पात्र पुन्हा सरळ करण्यात आले.

या कथेत काय दिसते? शिक्षा झाली ती कृत्याबद्दल. वड्ढ लिच्छवी कुळातील होता, तरी कुळाने त्याला वाचविले नाही आणि त्याच्या कुळाला दोषही लागला नाही. चूक कबूल करताच वाट मोकळी झाली. आणि एक गोष्ट अधिक ध्यानात घ्या. गावचा बहिष्कार म्हणजे धनवानाने गरिबाचा घास काढून घेणे. पात्र पालथे करणे म्हणजे भिक्षेवर जगणाऱ्यांनी स्वतःचा घास सोडणे. तोटा बहिष्कार घालणाऱ्यानेच सोसला.

भिक्खू छन्नाला जो ब्रह्मदंड झाला, तोही असाच. त्याच्याशी कोणी बोलू नये, त्याला उपदेश करू नये, असे ठरले. छन्न हा तर भगवंतांचा पूर्वीचा सारथी. आपला म्हणून त्याला सूट मिळाली नाही. त्याला पश्चात्ताप झाला, त्याने एकांतात साधना केली, तो अर्हत झाला आणि दंड आपोआप संपला.

दुसरीकडे उपाली न्हावी, सुनीत हा केरकचरा उचलणारा, यांना संघात प्रवेश देताना जन्म आड आला नाही. शाक्य राजपुत्रांच्या आधी उपालीला दीक्षा देण्यात आली, म्हणजे त्या राजपुत्रांनी त्याला वंदन करावे. वसल सुत्तात भगवंतांनी हेच सांगितले की, माणूस नीच ठरतो तो आपल्या कर्माने, जन्माने नव्हे. धम्मात रेघ आहे, पण ती वर्तनाची आहे, आणि तिच्यात परत येण्याचे दार ठेवलेले आहे.

बहिष्कृत ते प्रबुद्ध

बाबासाहेबांच्या पत्रांची नावे आता क्रमाने वाचा. १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९२८ साली 'समता', १९३० साली 'जनता', आणि १९५६ च्या फेब्रुवारीत 'जनता'चेच नाव बदलून 'प्रबुद्ध भारत'. दीक्षेला तेव्हा काही महिनेच उरले होते.

'बहिष्कृत भारत' आणि 'प्रबुद्ध भारत' या दोन नावांत भारत तोच आहे, त्याचे विशेषण बदलले. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही शब्द एकाच घडणीचे दिसतात, पण त्यांत फरक आहे. बहिष्कृत होण्यास दुसरा कोणीतरी लागतो. प्रबुद्ध म्हणजे जागा झालेला, आणि जागे तर ज्याचे त्यानेच व्हावे लागते. दुसरा हाक मारील, हलवील, दिवा लावील, पण डोळे आपले आपणच उघडावे लागतात. पहिल्या शब्दात इतरांनी आपल्याला काय केले ते आहे, दुसऱ्यात आपण स्वतःचे काय केले ते आहे.

म्हणून मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे : "बाळ, ते नाव आपली लाज सांगत नाही. ज्यांनी बाहेर केले, त्यांची कृती सांगते. आणि ते नाव वाचले नाही तर पुढच्या नावाची किंमत कळणार नाही."

आपल्या घरात हा शब्द येऊ नये म्हणून

शेवटी एक कटू गोष्ट सांगणे कर्तव्य आहे. बहिष्कार सोसलेल्या माणसालाही बहिष्काराची सवय लागू शकते. एखाद्या घरातील म्हाताऱ्या बाईने अजून देव्हारा काढला नाही, म्हणून वस्तीने त्या घरी जाणे सोडावे. दुसऱ्या पोटजातीतील मुलगी सून करून आणली, म्हणून भाऊबंदांनी जेवणाच्या पंगतीतून उठावे. वर्गणी दिली नाही म्हणून मयताला चार माणसे मिळू नयेत. असे कोठे घडत असेल, तर आपण तीच जुनी रेघ निळ्या रंगाने ओढली, एवढेच म्हणावे लागेल.

बावीस प्रतिज्ञांचे पालन व्हावयास हवे, यात शंका नाही. परंतु त्यासाठी त्या घरी अधिक जावे, कमी नव्हे. म्हातारीजवळ बसावे, तिला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचून दाखवावा. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला मात्र स्पष्ट बजावावे, वेळ पडल्यास कायद्याकडे जावे, आणि तो सुधारला की त्याला विहारात मोकळ्या मनाने बसू द्यावे. दोष वर्तनाचा असावा, तो तोंडावर सांगावा, सुधारण्यास अवधी द्यावा आणि परत येण्याचे दार उघडे ठेवावे. त्याच्या बायकोमुलांना त्याच्या दोषाची शिक्षा होऊ नये. वड्ढाच्या कथेचा बोध एवढाच आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १८९०, १९०५ आणि १९२७ नंतरच्या बहिष्कारांना पाठातील चार प्रश्न लावा आणि तिन्हींतील फरक घरात चर्चा करून लिहा.

२. 'अस्पृश्य', 'निराश्रित' आणि 'बहिष्कृत' या तीन शब्दांत करणाऱ्याचा पत्ता कोणत्या शब्दात लागतो?

३. गावचा बहिष्कार आणि पात्र पालथे करणे यांत तोटा कोणाला होतो?

४. आपल्या आजी-आजोबांना वाळीत टाकल्याची एखादी हकीकत ठाऊक असल्यास ती त्यांच्याच शब्दांत वहीत उतरून घ्या. गाव आणि साल आठवत असेल तर तेही लिहा. ज्या घटना कोणत्याही वृत्तपत्रात छापल्या गेल्या नाहीत, त्यांची नोंद तुमच्या वहीतच राहणार आहे.

जयभीम.